किल्लीचे भोक शोधून ठेवा

स्पोर्ट्स कारचे दार उघडेनासे झाले की मालकाचा पहिला राग रिमोटवर निघतो. बटण आधी हलके, मग अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत दाबले जाते. रिमोट तळहातावर आपटून पाहिला जातो. तेवढ्यात कुणीतरी तार, लोखंडी पट्टी किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे सरसावते आणि पुढच्या दहा मिनिटांत जे नुकसान होते ते मूळ बिघाडाच्या कित्येक पट असते. अशी जबरदस्ती करण्याची वेळ खरे तर क्वचितच येते. रिमोटवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना आत शिरण्याची एक दुसरी वाट बनवणाऱ्यांनीच ठेवलेली असते. ती वाट रिमोटवाचून चालते आणि बहुधा विजेवाचूनही. मात्र गाडीच्या देखण्या अंगावर भोक दिसू नये म्हणून ती इतकी लपवलेली असते की वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यालाही तिचा पत्ता नसतो. गाडी बंद पडल्यावर ती शोधणे अवघड, कारण तिची माहिती ज्या पुस्तिकेत आहे ती पुस्तिका गाडीच्या आत, डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. म्हणून माझे सांगणे असे, की गाडी धडधाकट असतानाच ही वाट शोधावी आणि एकदा तरी तिने आत जाऊन पाहावे.

आधी रिमोट आणि गाडी यांचे बोलणे कसे चालते ते पाहू, कारण उपाय त्यावरच ठरतो. रिमोट खिशात ठेवून तुम्ही दाराला हात लावता तेव्हा गाडीतल्या अँटेनातून साधारण 125 किलोहर्ट्झचा, जेमतेम मीटर-दीड मीटर पोचणारा संदेश निघतो. त्याने रिमोट जागा होतो आणि सांकेतिक उत्तर धाडतो. हे उत्तर अमेरिकेत बहुधा 315 मेगाहर्ट्झवर जाते, तर युरोपात आणि भारतात 433.92 मेगाहर्ट्झच्या आसपास. उत्तर जुळले की गाडीतला संगणक दाराच्या मोटरला हुकूम देतो. या साखळीत दोन बॅटऱ्या आहेत. एक रिमोटमधला नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल, बहुतेकदा सीआर 2032 क्रमांकाचा, आणि दुसरी गाडीची 12 व्होल्टची बॅटरी. दोहोंपैकी कोणतीही उतरली तरी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला दिसते ते एकच, बंद दार. पण पहिल्या बिघाडात किराणा दुकानात मिळणाऱ्या सेलने काम भागते. दुसऱ्यात रिमोटमध्ये कितीही नवा सेल घातला तरी काही होत नाही, कारण ऐकणाराच बेशुद्ध आहे.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत दुसरा बिघाड जास्त संभवतो. ही गाडी रोज कामावर नेण्याची नसते. ती आठवडेच्या आठवडे आच्छादनाखाली उभी असते, आणि उभी गाडी झोपलेली नसते. अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, घड्याळ, निरनिराळे संगणक सतत थोडी वीज खात राहतात. 50 मिलिअँपिअरपर्यंतचा असा खर्च सर्वसाधारण समजला जातो. हिशेब सोपा आहे. 50 मिलिअँपिअरने दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात, म्हणजे 60 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी होते. बॅटरी जुनी असेल किंवा मागून बसवलेला कॅमेरा वीज खात असेल तर पंधरवडाही पुरतो. शिकागो किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक गोष्ट ठाऊक असेल. उणे 18 अंश सेल्सियसला शिशाच्या बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते. मुंबई-पुण्याकडे थंडीचा प्रश्न नाही, पण पावसाळ्याचे चार महिने अशी गाडी तळघरातल्या पार्किंगमधून हलत नाही, आणि तिथे चार्जर लावायला प्लगही नसतो. परिणाम तोच.

म्हणून हात लावण्यापूर्वी निदान करावे. बटण दाबल्यावर रिमोटवरचा बारीक दिवा लागतो का? गाडीचे इंडिकेटर एकदा तरी लुकलुकतात का? काचेतून डोकावल्यावर डॅशबोर्डवरचा अलार्मचा लाल ठिपका दिसतो का? गाडीत जीव असल्याची एखादी खूण दिसली आणि दार मात्र ऐकत नसले, तर संशय रिमोटवर. अलीकडे रिमोट फक्त अगदी जवळून चालत होता, किंवा बटणाने दार उघडत होते पण नुसत्या स्पर्शाने उघडत नव्हते, हीसुद्धा संपत आलेल्या सेलची लक्षणे. घरातला दुसरा रिमोट मागवून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी. त्याने दार उघडले तर प्रश्न तिथेच मिटला. चोरांनी रिमोटचा संदेश लांबून पकडू नये म्हणून आजकाल धातूचे अस्तर असलेले पाकीट वापरतात. रिमोट त्यात असेल तर तो अर्थातच मुका राहणार. जवळपास शक्तिशाली ट्रान्समीटर असेल तरी गोंधळ होतो, अशा वेळी रिमोट हँडलला जवळजवळ टेकवून बटण दाबावे. सेल बदलताना त्याच क्रमांकाचा घ्यावा आणि बाजू उलटी पडू देऊ नये. बहुतेक रिमोटना त्यानंतर नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. आणि गाडीत कसलीच हालचाल दिसत नसेल, दोन्ही रिमोट निरुपयोगी ठरत असतील, तर 12 व्होल्टची बॅटरी उतरली आहे असे धरून लपलेल्या वाटेकडे वळावे.

ही वाट किती लपलेली असू शकते याचा उत्तम नमुना म्हणजे अमेरिकेची शेव्हरोले कॉर्व्हेट, तिची सहावी पिढी, 2005 ते 2013 या मॉडेलवर्षांची. या गाडीच्या दाराला नेहमीच्या अर्थाचे हँडलच नाही. दाराच्या मागच्या कडेला खाच आहे, तिच्यात बोटे घातली की विजेचा खटका दाबला जातो आणि कडी मोटरने सुटते. दाराला किल्लीचे भोक नाही. ज्याने गाडीला चारही बाजूंनी न्याहाळले नाही तो म्हणेल की वीज गेली म्हणजे ही गाडी कायमची बंद. पण भोक आहे. ते गाडीच्या पाठीमागे, नंबरप्लेटच्या परिसरात, वाकल्याशिवाय नजरेस पडणार नाही अशा जागी आहे. रिमोटबरोबर मिळालेली धातूची किल्ली तिथे घालून फिरवली की डिकी उघडते. डिकीच्या आत चालकाच्या बाजूला ओढायची एक पट्टी आहे, तिला तार जोडलेली आहे, आणि ती ओढली की चालकाचे दार सुटते. म्हणजे दार उघडायचे ते डिकीतून. आत बसल्यावर रिमोटमधला सेल गेलेला असला तरी गाडी सुरू करता येते, कारण डॅशबोर्डच्या कप्प्यात रिमोट ठेवण्याची खास जागा आहे. तिथे ठेवल्यावर रिमोटमधली चिप स्वतःच्या सेलविना, गाडीकडून मिळणाऱ्या ऊर्जेवर ओळख पटवते. हे सगळे मालकाच्या पुस्तिकेत छापलेले आहे. ज्याने ते पान वाचले त्याला एक किल्ली आणि दोन मिनिटे लागतात. ज्याने वाचले नाही तो फायबरच्या त्या महागड्या अंगावर पट्ट्या घालत बसतो.

पोर्शे 911 चा पेच निराळा आणि माझ्या मते जास्त गमतीचा आहे. इथे चालकाच्या दाराला भोक आहे, त्यामुळे आत शिरणे सोपे. पण इंजिन मागे असल्याने बॅटरी पुढे, सामानाच्या कप्प्यात बसवलेली आहे, आणि अलीकडच्या पिढ्यांत त्या कप्प्याचे झाकण विजेच्या खटक्याने उघडते. बॅटरी उतरली की झाकण उघडत नाही, आणि झाकण उघडल्याशिवाय बॅटरीला हात लागत नाही. तिजोरीची किल्ली तिजोरीत राहावी तसा हा प्रकार. त्यावर पोर्शेचा उतारा असा, की 997 सारख्या पिढ्यांत चालकाच्या पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारे एक लाल टर्मिनल दिले आहे. दुसऱ्या बॅटरीची धन केबल त्याला लावायची आणि ऋण केबल दाराच्या चौकटीवरच्या, कडी अडकते त्या धातूच्या आकड्याला. तेवढ्या विजेवर झाकणाचा खटका चालतो. गाडी कुलूपबंद होती तर केबल जोडताच अलार्म ठणाणा करतो. त्याने दचकून केबल सोडू नये, रिमोटच्या बटणाने किंवा किल्ली आत लावून अलार्म बंद करावा. एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. हे टर्मिनल झाकण उघडण्यापुरते आहे, त्यावरून गाडी सुरू करायला जाऊ नये. इंजिन फिरवायला लागणारा प्रवाह त्या वायरींना झेपत नाही. गाडी सुरू करायची ती पुढचे झाकण उघडून, खऱ्या बॅटरीवरून.

इतर बहुतेक गाड्यांत प्रकरण एवढे गुंतागुंतीचे नसते. रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो सरकवला की आतून धातूची पातळ किल्ली बाहेर येते. ही किल्ली रिमोटमध्ये आहे हेच अनेकांना ठाऊक नसते. दाराच्या हँडलशेजारी भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाला गाडीच्याच रंगाची छोटी टोपी आहे का ते पाहावे. तिच्या खालच्या बाजूला चीर असते, किल्लीचे टोक तिच्यात घालून हलकेच उचकटले की टोपी निघते आणि भोक दिसते. टोपी प्लॅस्टिकची आणि रंगवलेली असल्याने घाई केली तर ओरखडा पडतो, एवढेच भय. किल्ली फिरवताना काही गाड्यांत हँडल ओढून धरावे लागते, काहींत आधी किल्ली फिरवून मग हँडल. दोन्ही करून पाहावे. खरोखरच भोक नसलेल्या गाड्याही आहेत. टेस्लाच्या मॉडेल 3 ला किल्लीचे कुलूपच नाही. तिची छोटी बॅटरी उतरली तर पुढच्या बंपरवरची, गाडी ओढण्याच्या आकड्यासाठी असलेली गोल टोपी काढायची, आतल्या लाल आणि काळ्या वायरींना बाहेरून 12 व्होल्ट द्यायचे, की पुढचे झाकण सुटते. मग आतल्या बॅटरीला वीज देऊन कार्डाने किंवा फोनने दार उघडायचे. इथे वाट आहे, पण ती विजेचीच आहे, आणि ती यांत्रिक कुलपाची बरोबरी करत नाही हे स्पष्ट म्हणायला हवे. टेस्लाच्या 2021 च्या मॉडेल वाय गाड्यांची दारे बाहेरून न उघडण्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सप्टेंबर 2025 मध्ये चौकशी सुरू केली. दाराच्या बाबतीत देखणेपणा कुठवर ताणायचा हा प्रश्न आता मालकांपुरता राहिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप हा, की एवढा खटाटोप कशाला? चावीवाल्याला बोलवावे, तो हवेची फुगवणारी पिशवी आणि लांब सळई घेऊन पाच मिनिटांत दार उघडेल. साध्या गाडीच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे आहे. स्पोर्ट्स कारची दारे मात्र बहुधा बिनचौकटीची असतात, म्हणजे काचेभोवती धातूची चौकट नसून काचच थेट छताच्या रबरात बसते. पिशवी फुगवून दार बाहेर ढकलले की सगळा ताण काचेवर आणि रबरावर येतो. काच तडकली नाही तरी तिची बैठक हलते आणि मग पावसात पाणी आणि वेगात शिट्टी, दोन्ही आत येतात. दारात सळई घालणे तर त्याहून वाईट. आत एअरबॅगच्या आणि मोटरच्या वायरी असतात, आणि कॉर्व्हेटसारख्या गाडीत सळईने ओढायला नेहमीचा दांडाच नसतो. जाणकार चावीवाला हे स्वतःच सांगेल आणि आधी भोक शोधेल. त्याला बोलवायला हरकत नाही, पण त्याला भोक कुठे आहे ते दाखवता आले तर काम स्वस्तात होते. बिनचौकटीच्या दाराचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात असू द्यावे. एरवी दार उघडताना काच आपोआप किंचित खाली सरकते आणि रबरातून मोकळी होते. वीज नसताना ती सरकत नाही. म्हणून किल्लीने कडी सुटल्यावर दार खेचू नये, काच तळहाताने हलकी आत दाबत सावकाश सोडवावे, आणि वीज परत येईपर्यंत पुन्हा लावू नये. नाहीतर कुलूप शाबूत ठेवून काच गमावण्याची पाळी येते.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. फोनमध्ये कंपनीचे ॲप आहे, ते कुठूनही दार उघडते, मग लोखंडी किल्लीचा विसाव्या शतकातला जोजार का सांभाळायचा? ॲपमधून निघालेला हुकूम गाडीतल्या मॉडेमपर्यंत पोचावा लागतो, आणि मॉडेम चालतो गाडीच्याच 12 व्होल्टवर. म्हणजे रिमोटचा सेल गेला तर ॲप तारणहार, गाडीची बॅटरी गेली तर ॲप शोभेचे. शिवाय तळघरात नेटवर्क नसते, आणि नेटवर्कचे आयुष्य गाडीपेक्षा कमी असते. अमेरिकेत मोठ्या मोबाइल कंपन्यांनी 2022 मध्ये 3जी सेवा बंद केली तेव्हा कित्येक चालत्या गाड्यांची दूरसेवा एका झटक्यात संपली. वीस वर्षे सांभाळायच्या गाडीच्या दाराची हमी दुसऱ्याच्या टॉवरवर सोपवणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

तिसरा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. भोक असले म्हणजे चोरालाही वाट मिळाली, मग ते सगळ्यांना सांगावे कशाला? याचे उत्तर कुलूप आणि इंजिन यांच्या फारकतीत आहे. धातूची किल्ली दार उघडते, पण इंजिन सुरू व्हायला रिमोटमधल्या चिपची ओळख पटावी लागते. ही इमोबिलायझरची सोय युरोपीय संघात 1998 पासून आणि कॅनडात 2007 पासून नव्या गाड्यांना सक्तीची आहे. कुलूप फोडणाऱ्याच्या हाती अलार्मचा गोंगाट आणि सीटवर ठेवलेली वस्तू, एवढेच लागते. आज महागड्या गाड्या चोरणारे भोकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते घरातल्या रिमोटचा संदेश यंत्राने लांबवून गाडीपर्यंत नेतात आणि दार बिनबोभाट उघडतात. गाडी असुरक्षित होते ती बिनतारी बाजूने. भोक कुठे आहे हे मालकाने न जाणून चोराचे काहीच अडत नाही.

काच फोडण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. आत मूल, वृद्ध माणूस किंवा जनावर अडकले असेल तर वर लिहिलेले सगळे विसरावे. उन्हात बंद गाडीचे तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे 10 अंश सेल्सियसने चढते. भारतात 112 वर, अमेरिकेत 911 वर फोन लावायला कुणाला तरी सांगावे आणि आतल्या जिवापासून सर्वांत लांबची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार वस्तूने फोडावी. समोरच्या काचेच्या नादी लागू नये, ती दोन थरांची असते आणि तडकूनही जागेवरच राहते. काही नव्या गाड्यांच्या बाजूच्या काचाही तशाच असतात, म्हणून एक काच दाद देत नसेल तर दुसरी पाहावी. एरवी मात्र, घाई आहे, विमान चुकेल, पाहुणे खोळंबलेत, या कारणांसाठी काच फोडणे हा तोट्याचा सौदा. ‘लहान काच स्वस्त पडेल’ हा समज तर सपशेल चुकीचा ठरू शकतो, कारण मागची छोटी तिकोनी काच पुष्कळदा चिकटवलेली असते आणि ती बदलण्याचे काम जास्त वेळ खाते.

बाहेरून आत जाण्याची वाट शोधताना आतून बाहेर येण्याचीही शोधावी, किंबहुना आधी तीच. जून 2015 मध्ये टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर इथे 2007 च्या कॉर्व्हेटमध्ये अडकून एका वृद्ध गृहस्थाचा आणि त्यांच्याबरोबरच्या कुत्र्याचा उष्म्याने मृत्यू झाला. बॅटरीची केबल सैल झाल्याने गाडीची वीज गेली होती. दारावरचे बटण चालेना, हॉर्न वाजेना. त्या गाडीत सीटच्या बाजूला, जमिनीलगत, दार हाताने उघडण्याचा खटका आहे. तो वीज मागत नाही. तो तिथे आहे हे ठाऊक असणे आणि नसणे यातले अंतर किती मोठे आहे, हे यापेक्षा कठोर शब्दांत सांगता येणार नाही. म्हणून ज्या गाडीच्या दाराला आतून विजेचे बटण आहे, तिचा यांत्रिक खटका पहिल्याच दिवशी हाताने चाचपून पाहावा, शेजारी बसणाऱ्यालाही दाखवावा. अमेरिकेत सप्टेंबर 2001 पासून बनणाऱ्या मोटारींच्या डिकीत अंधारात चमकणारी सुटकेची कडी सक्तीची आहे. पोर्शे किंवा कॉर्व्हेटची डिकी उघडून ती दिसते का हेही पाहता येईल.

आत शिरल्यावर काम संपत नाही, आणि नेमक्या इथेच दुसऱ्यांदा बाहेर राहण्याचे प्रसंग घडतात. उतरलेल्या बॅटरीला बाहेरून वीज मिळाली की गाडीतले संगणक जागे होतात आणि काही गाड्या जाग येताच दारे कुलूपबंद करतात. त्या वेळी रिमोट सीटवर आणि मालक बॉनेटपाशी असेल तर सगळे पहिल्यापासून. म्हणून रिमोट आणि किल्ली खिशात, आणि चालकाचे दार वा डिकी उघडी ठेवूनच केबल जोडाव्यात. जोडण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला. त्यानंतर काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या बॅटरीपासून दूर असलेल्या उघड्या धातूला. काढताना उलट क्रम. शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि शेवटच्या जोडणीला उडणारी ठिणगी त्याच्यापासून लांब उडावी म्हणून हा क्रम. पुन्हा पुन्हा पूर्ण उतरलेली बॅटरी पहिल्यासारखी भरत नाही, तेव्हा एकदा जंप करून भागले म्हणजे झाले असे समजू नये. प्लगची सोय असेल तर बॅटरी मेंटेनर कायम लावलेला बरा. खिशात मावणारे लिथियमचे जंप पॅक चांगले असतात, पण ते ठेवायची जागा घर किंवा ऑफिसची बॅग. ते डिकीत ठेवणाऱ्यांची संख्या पाहून हसावे की रडावे कळत नाही.

आता तयारी. एखाद्या रविवारी रिमोट घरात ठेवून फक्त धातूची किल्ली घेऊन खाली उतरावे आणि गाडी उघडून पाहावी. अलार्म वाजेल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे. वर्षानुवर्षे न फिरलेले कुलूप धुळीने आणि गंजाने धरलेले असते. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत तर हमखास. त्यात ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा टेफ्लॉन स्प्रे मारावा, घट्ट तेल घालू नये, कारण तेलाला धूळ चिकटते. वर्षातून दोनदा किल्ली फिरवली की पुरे. पुस्तिकेची पीडीएफ फोनमध्ये उतरवून घ्यावी, आणि गाडीचे आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवावे. एरवी कागद गाडीत अडकलेले आणि चावीवाला मालकीचा पुरावा मागतोय असा तिढा पडतो. धातूची किल्ली रिमोटमधून काढून वेगळी ठेवू नये, ती रिमोटमध्येच असायला हवी. दुसरा रिमोट मात्र घरच्या माणसाकडे असावा.

जुनी स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्यांनी तर व्यवहारापूर्वीच हे सगळे करून पाहावे. इंजिनचा आवाज ऐकण्यात आणि रंग न्याहाळण्यात वेळ जातो, आणि रिमोटच्या पोटात किल्ली आहे की नुसती रिकामी खोबण, हे कुणी उघडून पाहत नाही. दोन्ही रिमोट मागावेत, दोन्हींमधली किल्ली काढून प्रत्यक्ष कुलपात फिरवावी. मधल्या काळात दाराचे कुलूप बदललेले असेल तर किल्ली आत जाईल पण फिरणार नाही. किल्ली हरवली असेल तर अधिकृत विक्रेत्याकडून गाडीच्या चासिस नंबरवरून नवी घडवून घेता येते. त्याला कागदपत्रे लागतात आणि वेळही लागतो, म्हणून ते काम पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या गळ्यात घालावे.